पुरात वाहून गेलेला कागद आणि कागदावर न आलेली मालकी

बारामती - पुराचे पाणी दाराशी आले, की माणसे आधी लेकरे आणि वडीलधारी हलवतात, मग दावणीची जनावरे सोडतात, आणि वेळ उरलाच तर धान्याची पोती उंचावर ठेवतात. पलंगाखालच्या लोखंडी पेटीची आठवण होते ती पाणी ओसरल्यावर. पेटी उघडावी, तर खरेदीखताच्या पानांचा लगदा झालेला असतो, शिक्क्यांची शाई पसरलेली असते आणि वाटणीच्या कागदावरच्या पंचांच्या सह्या ओळखू येत नाहीत. पंचनाम्याला आलेला कर्मचारी भिंत किती पडली ते पाहतो, कपडे आणि भांडीकुंडी लिहून घेतो. ही हानी सरकारी मदतीच्या निकषांत बसते. कागदपत्रांची हानी बसत नाही.

बारामती आणि इंदापूर हे तालुके एरवी टँकर आणि चारा छावण्यांसाठी बातम्यांत येत. अलीकडच्या काही वर्षांत मात्र तेथे पाण्याने वेगळेच रूप दाखवले आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये नाझरे धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे कऱ्हा नदी बारामती शहराच्या वस्तीत शिरली आणि नदीकाठच्या हजारो रहिवाशांना हलवावे लागले. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीने इंदापूर तालुक्यात निमगाव केतकी परिसराला तडाखा दिला. मे २०२५ च्या अखेरीस तर मॉन्सूनची वाट पाहण्याच्या दिवसांतच दोन्ही तालुक्यांत मुसळधार पाऊस झाला, निरा डावा कालवा पिंपळी-लिमटेक परिसरात फुटला आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या.

प्रत्येक वेळी पाणी उतरल्यानंतर काही आठवड्यांनी तहसील कचेरीच्या आवारात एकच प्रश्न घेऊन माणसे फिरताना दिसतात. जमिनीचे कागद गेले. आता जमीन आमची राहिली का? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण ते गेलेल्या कागदावर कमी आणि तो कागद तयार झाला त्या दिवसावर अधिक अवलंबून असते. त्या दिवशी व्यवहाराची सरकारदप्तरी नोंद झाली असेल, तर पुरात गेली ती केवळ एक प्रत. नोंद झालीच नसेल, तर मात्र गेला तो एकमेव पुरावा. पूर दोघांच्याही घरात सारख्याच उंचीने चढतो; नुकसान सारखे होत नाही.

नोंदलेल्या दस्ताचे बळ

सर्वांत सोपे प्रकरण नोंदणीकृत खरेदीखताचे. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम सांगतो. दस्त नोंदवला गेला, की त्याची प्रत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात पुस्तक क्रमांक एकमध्ये राहते आणि पक्षकारांची नावे व मिळकतीचे वर्णन सूचीत चढते. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ नुसार हे पुस्तक आणि त्याची सूची ठरलेले शुल्क भरून कोणालाही पाहता येते, आणि दस्ताची प्रमाणित प्रत कोणालाही मागता येते. अर्जदार मालकच असावा लागतो, असेही नाही. याच कलमाच्या पाचव्या पोटकलमानुसार ही प्रमाणित प्रत मूळ दस्तातील मजकूर सिद्ध करण्यासाठी पुरावा म्हणून ग्राह्य धरली जाते.

व्यवहारात अडते ते एका गोष्टीवर, दस्त क्रमांकावर. वर्ष आणि क्रमांक ठाऊक असेल, तर प्रत मिळणे हे अर्ज, शुल्क आणि थोड्या चकरा एवढ्यावर भागते. तो ठाऊक नसेल, तर सूची चाळावी लागते. राज्यात संगणकीकृत नोंदणी २००२ पासून सुरू झाली आणि त्यानंतरच्या दस्तांचा शोध नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरही घेता येतो. त्याआधीच्या दस्तांसाठी जाड नोंदवह्यांखेरीज मार्ग नाही. अशा वेळी एक साधी युक्ती उपयोगी पडते. खरेदीनंतर सातबाऱ्यावर नाव लागताना जो फेरफार मंजूर झाला, त्यात बहुधा दस्ताचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली असते. म्हणजे दस्त हरवला, तर आधी सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक पाहायचा, त्या फेरफाराची नक्कल काढायची आणि तीवरून दस्तापर्यंत जायचे. वकिलांना हे ठाऊक असते. पुरात घर गेलेल्या शेतकऱ्याला ते कोणी सांगत नाही.

आणखी एक शक्यता सहसा ध्यानात येत नाही. जुन्या काळी नोंदणीनंतर मूळ दस्त परत मिळायला महिनोन्‌महिने लागत. पुष्कळांनी तो नंतर नेलाच नाही, आणि पुढच्या पिढीने तो हरवला असे गृहीत धरले. असा दस्त निबंधक कार्यालयातच पडून असू शकतो. मात्र दोन वर्षांहून अधिक काळ कोणी न नेलेले दस्त (मृत्युपत्रे वगळून) नष्ट करण्याची मुभा याच अधिनियमाचे कलम ८५ देते, हेही लक्षात ठेवायला हवे. मूळ दस्त नष्ट झाला, तरी पुस्तकातील प्रत राहते.

मग पोलिस ठाण्यातील हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र आणि वृत्तपत्रातील जाहीर नोटीस हे सोपस्कार कशासाठी? प्रमाणित प्रत मिळवण्यासाठी नोंदणी अधिनियमात त्यांची अट नाही. ते लागतात पुढच्या टप्प्यावर, जमीन विकताना किंवा बँकेकडे तारण ठेवताना. मूळ दस्त हरवला, असे सांगणाऱ्याने तो दुसरीकडे कोठे गहाण तर ठेवलेला नाही ना, ही खरेदीदाराची आणि बँकेची रास्त शंका असते, कारण आपल्याकडे नुसते मूळ दस्त सावकाराच्या किंवा बँकेच्या हाती देऊनही गहाण करता येते. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची सूचना तीस दिवसांत निबंधकाकडे देणे बंधनकारक झाले आहे. त्यामुळे त्या वर्षानंतरचे गहाण शोधात सापडते, आधीचे सापडेलच असे नाही. जाहीर नोटिशीचे प्रयोजन इतकेच. या नोटिशी वृत्तपत्रांच्या उत्पन्नाचाही एक भाग आहेत, हे येथे सांगून टाकलेले बरे. पोलिस ठाण्यात सांगताना ‘हरवले’ असे मोघम न लिहिता पुराची तारीख, गाव आणि कागदांचे वर्णन लिहून घेतल्यास ती नोंद पुढे न्यायालयातही उपयोगी पडते. दस्त नष्ट झाला वा हरवला असल्यास दुय्यम पुरावा देण्याची मुभा पूर्वीच्या भारतीय पुरावा अधिनियमात होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती कायम आहे. मात्र दस्त गेला कसा, हे आधी पटवून द्यावे लागते.

मूळ दस्ताचा आग्रह किती ताणावा, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२५ मधील एक निकाल बोलका आहे. तमिळनाडूच्या नोंदणी नियमांत विक्री करणाऱ्याने आपला आधीचा मूळ दस्त, आणि तो हरवला असल्यास पोलिसांचा दाखला हजर केल्याखेरीज नवा दस्त नोंदवू नये, अशी तरतूद करण्यात आली होती. न्यायालयाने ती रद्द केली. विकणाऱ्याची मालकी तपासणे हे दुय्यम निबंधकाचे काम नाही, असे त्यामागचे सूत्र होते. कागद हरवलेल्याला हा दिलासा आहे. खरेदीदाराच्या दृष्टीने पाहिले, तर नोंदणी झाली म्हणून मालकी शाबित झाली असे समजू नका, असा इशाराही त्यातच आहे.

सातबारा हरवत नाही, चुकतो

खेड्यात ‘जमिनीचे कागद’ म्हणजे सातबारा. तो पुरात भिजला म्हणून हळहळण्याचे कारण आता उरलेले नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून उपलब्ध झाला आणि पंधरा रुपयांत तो घरबसल्या काढता येऊ लागला. आठ-अ, फेरफार आणि शहरी भागातील मिळकत पत्रिका याही त्याच मार्गाने मिळू लागल्या. कागदाची प्रत मिळवणे हा सातबाऱ्याबाबत प्रश्नच राहिलेला नाही.

प्रश्न आहे तो वेगळा. हस्तलिखित सातबारा संगणकात चढवताना नावे गळली, क्षेत्रे बदलली, आणेवारी चुकली. ही तफावत इतकी होती, की २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम घ्यावी लागली. त्या वाचनाला जे हजर नव्हते, पुण्या-मुंबईत नोकरी करत होते, त्यांच्या उताऱ्यातील चुका तशाच राहिल्या असतील, तर त्या दाखवून देण्याचे साधन कोणते? घरातला जुना, तलाठ्याच्या अक्षरातला उतारा. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. विरुद्ध सिद्ध करण्याचा भार नोंदीवर आक्षेप घेणाऱ्यावर. पेटीतल्या जुन्या कागदाला मोल आहे ते येथे. तो सरकारी नोंदीची उलटतपासणी करतो. म्हणून सगळे संगणकात आहे, आता जुने कागद कशाला, हा शहरी वाचकांत रूढ झालेला समज घातक आहे.

त्यातच सातबारा म्हणजे मालकी, हेही पूर्ण खरे नाही. फेरफार नोंदीने मालकी हक्क निर्माण होत नाही वा संपतही नाही, ती महसूल वसुलीसाठीची नोंद आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ पासून सुरू झालेल्या टॉरेन्स पद्धतीत सरकारी नोंदवहीतील नाव हीच मालकी, आणि तिची हमी सरकारची. तेथे घरातला कागद जळाला काय आणि भिजला काय, सारखेच. आपल्याकडे सरकार नोंद ठेवते, हमी देत नाही. त्यामुळे दस्त, फेरफार आणि ताबा या तिन्हींची साखळी प्रत्येकाला स्वतःच सांभाळावी लागते.

इंदापूरची जुनी दप्तरे

या साखळीचे महत्त्व इंदापूर तालुक्याइतके क्वचितच दुसरीकडे दिसते. वालचंदनगर आणि रत्नपुरी परिसरातील शेतकऱ्यांनी एकेकाळी आपल्या जमिनी साखर कारखानदारीसाठी खंडाने दिल्या. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर त्या सरकारकडे आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेल्या. खंडकऱ्यांचा लढा दशकानुदशके चालला आणि जमिनी प्रत्यक्ष परत मिळू लागल्या त्या २०१२ नंतर. तोपर्यंत मूळ मालक हयात नव्हते. आपला आजा किंवा पणजा या जमिनीचा मालक होता, हे नातवंडांना दाखवायचे होते. खंडाचा मूळ करार किती घरांत टिकला असेल? तारले ते जुन्या सातबाऱ्यांनी, फेरफारांनी आणि वारस नोंदींनी, म्हणजे महसूल दप्तराने. ज्या कुटुंबाने वारस नोंद वेळोवेळी केली नव्हती, त्याची वाट अधिक लांबली.

उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची कथा याहून अवघड आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या फुगवट्याने भिगवण, पळसदेव या पट्ट्यातील जुनी गावे गिळली. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले, की जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर आजही उघडे पडते आणि पुण्याहून गाड्या भरून माणसे ते पाहायला येतात. मंदिर दिसते, गावठाणातील घरांची मोजमापे दिसत नाहीत. राज्यात पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा झाला तो १९७६ मध्ये, उजनीचे काम सुरू झाल्यानंतर. विस्थापितांच्या हाती आला तो वाटपाचा आदेश किंवा भूखंडाची ताबापावती. धरण सोलापूर जिल्ह्यात, बुडालेली गावे पुणे, सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत, पर्यायी जमिनी आणखी कोठे. असा कागद हरवला, तर त्याची दुय्यम प्रत पुनर्वसन शाखेच्या संकलन नोंदवहीत शोधावी लागते, आणि ती कोणत्या जिल्ह्याच्या दप्तरात आहे, येथपासून सुरुवात होते. भोगवटादार वर्ग दोनच्या या जमिनी विकताना वा वर्ग एक करताना मूळ आदेशाची मागणी हमखास होते.

कुळकायद्याने मालक झालेल्यांचेही असेच. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळांना जमिनी मिळाल्या आणि किंमत भरल्यावर ३२-म चे प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र म्हणजे खरेदीचा निर्णायक पुरावा. २०१४ च्या दुरुस्तीने, प्रमाणपत्राला दहा वर्षे झालेली असतील, तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून ती जमीन पूर्वपरवानगीशिवाय विकण्याची वाट मोकळी झाली. तेव्हापासून बारामतीजवळच्या जमिनींचे भाव पाहता त्या एका पानाची किंमत किती झाली, हे वेगळे सांगायला नको. ते घरात नसेल, तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळायला हवे. हद्दीच्या वादात लागणारे फाळणी नकाशे, आकारफोड आणि गट बांधणीच्या वेळचे एकत्रीकरणाचे उतारे तालुका भूमी अभिलेख कार्यालयात असतात. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधण्याची मोहीम राज्यभर चालली, तेव्हा ही दप्तरे एकदा पूर्णपणे उघडली गेली. मोडी लिपीतली, हात लावताच तुकडे पडणारी पाने तेव्हा सर्वांनी पाहिली.

‘अभिलेख आढळून येत नाही’ हे चार शब्दांचे उत्तर अशा वेळी अर्जदाराच्या हाती पडते, आणि बहुतेक जण तेथेच थांबतात. थांबण्याचे कारण नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार सरकारी अभिलेख बेकायदा नष्ट करणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असलेला गुन्हा आहे. त्यामुळे कागद नाही असे म्हणणाऱ्या कार्यालयाला तो केव्हा, कोणत्या आदेशाने निकाली काढला, हे माहिती अधिकारात विचारता येते. तसा आदेश दाखवता आला नाही, तर शोध पुन्हा सुरू होतो, असा अनेकांचा अनुभव आहे. सरकारलाही आगीपासून अभय नाही. जून २०१२ मध्ये मंत्रालयालाच आग लागली आणि कित्येक विभागांना आपल्या नस्त्या पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. मंत्रालयाच्या बाबतीत जे झाले, ते तालुक्याच्या दप्तराबाबत का होऊ नये? भिजलेल्या सरकारी नोंदवहीची पुनर्बांधणी नागरिकांकडच्या प्रतींवरून होते, हेही विसरता येत नाही.

घर आहे, कागद कधीच नव्हता

गावठाणातील घरांची गोष्ट निराळी. ज्या गावांचे नगर भूमापन झालेले नव्हते, तेथे घरमालकाच्या हाती ग्रामपंचायतीच्या नमुना आठचा उतारा असे. तो कर आकारणीचा कागद, मालकीचा नव्हे. पुण्यात फ्लॅट घेताना गावाकडचे वडिलोपार्जित घर तारण द्यायला निघालेल्यांना बँकेने हा फरक समजावून दिलेला असतो. यावर उपाय म्हणून ड्रोनद्वारे गावठाण मोजण्याचा प्रयोग याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला, आणि एप्रिल २०२० मध्ये केंद्राने तो ‘स्वामित्व’ योजनेच्या रूपाने देशभर नेला. मिळकत पत्रिका मिळालेल्या घराची भिंत पडली, तरी जागेची मोजणी आणि नाव भूमी अभिलेखात राहते. ज्या गावांत हे काम पूर्ण होऊन पत्रिका हाती आल्या आहेत, तेथे पुराचा धोका अर्धा कमी झाला, असे म्हणायला हरकत नाही. मात्र चौकशीच्या दिवशी भावकीत वाद होता म्हणून नोंद अडलेली घरे मागेच राहतात.

आणि भावकीतील वाटणी हेच तर मोठे दुखणे आहे. बापाच्या मृत्यूनंतर भावांनी पंचांसमोर बसून साध्या कागदावर वाटणी लिहिली, ज्याने त्याने आपला तुकडा कसायला सुरुवात केली, सातबारा मात्र सामाईकच राहिला. चाळीस वर्षे काही बिघडत नाही. मग रस्ता रुंदीकरणाचा मोबदला येतो किंवा गुंठ्याचा भाव वाढतो, आणि तो कागद पुरात गेलेला असतो. पंच हयात नसतात. अशा कागदाची प्रमाणित प्रत देणारे कार्यालय अस्तित्वात नाही. सहहिस्सेदारांची संमती आजही मिळत असेल, तर संहितेच्या कलम ८५ नुसार तहसीलदारांकडून वाटप करून घेणे हाच मार्ग; संमती नसेल, तर दिवाणी न्यायालय. नोंद न केलेल्या मृत्युपत्राचेही तेच. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, आणि म्हणूनच ती टाळली जाते.

सर्वांत मोठी जोखीम मात्र गुंठ्यांच्या व्यवहारांत आहे. हद्दवाढीनंतर बारामती नगरपरिषदेत आलेल्या जळोची, तांदुळवाडी, रुई या भागांसारख्या वाढत्या वस्त्यांत, किंवा इंदापूर शहराच्या कडेला, एक-दोन गुंठे घेऊन घर बांधणाऱ्याला तुकडेबंदी कायद्यामुळे खरेदीखत नोंदवता येत नसे. मग मुद्रांकावर करार, नोटरीचा शिक्का, कब्जेपावती आणि घराला सुरुवात. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुखत्यारपत्र व करार यांवरच्या अशा ‘विक्री’ने मालकी मिळत नाही, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, व्यवहार थांबले नाहीत. अखेर राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये अध्यादेश काढून १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातील, शहरी आणि नियोजनात बिगरशेतीसाठी दाखवलेल्या क्षेत्रांतील तुकड्यांचे व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याचा निर्णय घेतला. नोटरीवरच्या व्यवहारांनाही मुद्रांक शुल्क भरून नोंदणीची आणि त्यातून सातबाऱ्यावर नाव लावण्याची वाट खुली करण्यात आली.

निर्णय स्वागतार्ह. पण त्याचा पाया कोणता? हातातला तोच नोटरीचा कागद. ज्याच्याकडे तो शाबूत आहे, त्याला साठ वर्षांनी दार उघडले. ज्याचा कागद २०१९ मध्ये कऱ्हेत गेला किंवा मे २०२५ च्या पावसात भिजला, त्याला पुन्हा विकणाऱ्याच्या दारात उभे राहावे लागणार. विकणारा तोवर मरण पावलेला असतो, वारस पाच-सहा असतात, आणि वीस वर्षांपूर्वीच्या भावात दिलेली जमीन आजच्या भावाने पाहण्याचा मोह कोणाला होत नाही? नियमितीकरणाच्या तरतुदींत कागद नष्ट झालेल्यांसाठी वीजबिल, घरपट्टी, पाणीपट्टी आणि ताब्याचा पंचनामा हे पर्यायी पुरावे स्पष्टपणे धरले जायला हवेत. त्यांनी मालकी सिद्ध होणार नाही. निदान अर्ज दाखल तरी होईल.

बँकेच्या तिजोरीत गेलेला दस्त

दस्त नेहमी पुरातच जातो असे नाही; कर्ज फिटल्यावर तो बँकेतच सापडत नाही, असेही होते. यावर रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी काढलेले आदेश कर्जदाराच्या बाजूचे आहेत. १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत मूळ कागद परत करणे बंधनकारक झाले. बँकेच्या दोषामुळे उशीर झाल्यास दररोज पाच हजार रुपये भरपाई. कागद हरवले वा खराब झाले, तर प्रमाणित प्रती मिळवून देण्यास बँकेने मदत करायची, खर्चही तिचाच. त्यासाठी आणखी तीस दिवसांची सवलत. सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्यांनाही हे लागू आहे.

परंतु हे आदेश घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांपुरते आहेत. उसासाठी, पाइपलाइनसाठी, ट्रॅक्टरसाठी घेतलेले शेतीकर्ज त्या व्याख्येत येत नाही, आणि गावची विकास सोसायटी व पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच नाहीत. म्हणजे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या ऊस पट्ट्यात ज्या संस्थांकडे सर्वाधिक कागद पडून असण्याची शक्यता, त्यांनाच ही शिस्त नाही. सहकार खात्याला असाच आदेश काढण्यापासून कोणी अडवलेले दिसत नाही.

केरळात २०१८ च्या महापुरानंतर सरकारने ठिकठिकाणी अदालती भरवून, सर्व खात्यांचे अधिकारी एका छपराखाली बसवून हरवलेली प्रमाणपत्रे विनाशुल्क दिली होती. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके एकाच उपविभागात, एकाच प्रांताधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतात. निबंधक, तहसील, भूमी अभिलेख आणि ग्रामपंचायत यांचे एक-दोन दिवसांचे शिबिर पूरग्रस्त गावात भरवण्यास वेगळा कायदा लागत नाही. पंचनाम्याच्या अर्जात ‘नष्ट झालेली कागदपत्रे’ असा एक रकाना वाढवला, तरी पुढे पोलिसांकडे आणि न्यायालयात त्या ओळीचा आधार मिळेल. तोवर पंचनामा होत असताना ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, म्हणजे कालच्या तलाठ्यांना, ही बाब शेऱ्यात लिहायला सांगणे प्रत्येकाच्या हाती आहे.

नोटरीचा कागद गमावलेल्यांसाठी एक शेवटचा धागा उरतो. नोटरी नियम, १९५६ नुसार प्रत्येक नोटरीला आपण केलेल्या कामाची नोंदवही ठेवावी लागते. तीत कराराची प्रत नसते. तारीख, अनुक्रमांक, पक्षकारांची नावे आणि कागदाचा प्रकार एवढे असते. भिजलेल्या कागदाच्या कोपऱ्यावरचा नोटरीचा शिक्का आणि अनुक्रमांक वाचता येत असेल, तर त्या कोपऱ्याचे छायाचित्र आजच काढून ठेवावे, तो तुकडा टाकून देऊ नये, आणि संबंधित नोटरीकडून त्या नोंदीचा उतारा मागावा. नोटरीचे निधन झाले असेल, तर त्या वह्या आता कोणाकडे आहेत, याचा शोध घ्यावा लागेल.